हाताच्या ब्लॉकनंतर नसांच्या तक्रारी: कारणे, काळ आणि काळजी

खांद्यापासून बोटांपर्यंतच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला पूर्ण झोपवण्याऐवजी फक्त त्या हाताच्या नसांभोवती औषध सोडून हात बधिर करणे म्हणजे प्रादेशिक भूल. रुग्णालयाच्या रोजच्या बोलण्यात तिला ‘ब्लॉक’ म्हणतात. रुग्ण जागा राहतो, श्वासनलिकेत नळी घालावी लागत नाही आणि शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही तास वेदनेशिवाय जातात. या फायद्यांसोबत एक जोखीम येते. ज्या नसेला काही तास गप्प करायचे, तीच नस क्वचित दुखावली जाते. ही इजा कशी होते, किती वेळा होते, कोणाला होते आणि ती इजाच आहे हे कसे ओळखायचे, या प्रश्नांची आज मिळणारी उत्तरे पुढे क्रमाने दिली आहेत.

नसांचे जाळे आणि चार जागा

हाताच्या नसा मानेतील पाचव्या ते आठव्या आणि छातीतील पहिल्या, अशा पाच मुळांपासून निघतात. मानेच्या बाजूला स्केलिन नावाच्या दोन स्नायूंच्या फटीतून बाहेर पडताना या मुळांची तीन खोडे होतात. कॉलरबोनमागे प्रत्येक खोड दुभंगते आणि काखेकडे जाताना धमनीभोवती तीन दोर तयार होतात. त्यांतून पुढे मनगट व बोटे वाकवणारी मीडियन, करंगळीकडची अल्नार, मनगट उचलणारी रेडियल आणि कोपर वाकवणारी मस्क्युलोक्यूटेनियस या मुख्य नसा निघतात. या सगळ्या जाळ्याला ब्रॅकियल प्लेक्सस म्हणतात.

भूलतज्ज्ञ हे जाळे चार ठिकाणी गाठतो. खांद्याच्या शस्त्रक्रियेसाठी मानेत, म्हणजे इंटरस्केलिन ब्लॉक. दंड, कोपर आणि खालच्या हातासाठी कॉलरबोनच्या वर किंवा खाली. मनगट आणि पंजासाठी काखेत. जागा बदलली की शेजारही बदलतो आणि प्रत्येक जागेची गुंतागुंत त्या शेजारावर अवलंबून असते.

या तंत्राचा इतिहास सव्वाशे वर्षांहून जुना आहे. कार्ल कोलर यांनी १८८४ मध्ये व्हिएन्नात कोकेनने डोळा बधिर करता येतो हे दाखवले. लगेच न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड यांनी नसांवर कोकेनचे प्रयोग सुरू केले आणि त्यातच ते कोकेनच्या आहारी गेले. त्वचेतून सुई घालून प्लेक्सस बधिर करण्याच्या पद्धती १९११ मध्ये जर्मनीतून आल्या. गेऑर्ग हिर्शेल यांनी काखेतून, तर डिएड्रिश कुलेनकाम्फ यांनी कॉलरबोनच्या वरून. कुलेनकाम्फ यांनी आपली पद्धत आधी स्वतःवर करून पाहिली. अलोन विनी यांनी १९७० मध्ये इंटरस्केलिन ब्लॉकची पद्धत मांडली. व्हिएन्नातील स्टीफन काप्राल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये अल्ट्रासाउंडच्या पडद्यावर पाहत दिलेल्या ब्लॉकचा अनुभव प्रसिद्ध केला.

अल्ट्रासाउंड येण्याआधी सुईने नस शोधण्याची अनेक दशके रूढ असलेली एक रीत होती. सुई नसेला लागली की रुग्णाला हातात वीज चमकल्यासारखी झिणझिणी येई आणि तीच योग्य जागेची खूण मानली जाई. झिणझिणी नाही तर भूल नाही, हा दंडक पिढ्यानपिढ्या शिकवला गेला. स्वीडनमधील डाग सेलांडर यांनी १९७९ मध्ये काखेतील ब्लॉकच्या ५३३ रुग्णांत या रीतीची तपासणी केली. मुद्दाम झिणझिणी शोधलेल्या गटात २.८ टक्के, तर ती टाळलेल्या गटात ०.८ टक्के रुग्णांना नंतर नसेची तक्रार राहिली. संख्याशास्त्रीय कसोटीवर हा फरक निर्णायक नव्हता, तरी जुन्या दंडकाविषयी शंका घ्यायला तो पुरेसा ठरला.

नस आतून कशी असते आणि कशी दुखावते

एका नसेत हजारो तंतू असतात. ते केबलमधील तारांप्रमाणे लहान लहान जुड्यांत बांधलेले असतात. प्रत्येक जुडीभोवती पेरिन्युरियम हे चिवट, न ताणणारे वेष्टन असते. जुड्यांच्या मधली जागा सैल संयोजी ऊतक आणि चरबी यांनी भरलेली असते आणि सगळ्यांना मिळून एक बाहेरचे वेष्टन असते. सुई बाहेरच्या वेष्टनातून आत शिरली तरी ती दोन जुड्यांच्या मधल्या मऊ भागात राहिली तर बहुतेकदा कायमचे नुकसान होत नाही. सुई जुडीत शिरली आणि तिथेच औषध सोडले गेले, तर मात्र खरी हानी होते.

अमेरिकेतील पॉल बिगेलायसन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणातून ही गोष्ट पुढे आली. काखेतील ब्लॉक घेतलेल्या २६ रुग्णांपैकी २२ जणांच्या निदान एका नसेत सुई शिरल्याचे अल्ट्रासाउंडवर दिसले. सहा महिन्यांनंतर तपासले तेव्हा कोणालाही नवी इजा नव्हती. याचा अर्थ नसेत सुई घालणे सुरक्षित आहे असा होत नाही. नसेतील बराचसा भाग तंतूंचा नसतो, एवढाच होतो. हे प्रमाण सगळीकडे सारखेही नसते. मानेत, मुळे मणक्यांतून नुकतीच बाहेर पडतात तिथे, तंतू आणि मधले ऊतक जवळजवळ निम्मेनिम्मे असतात. कॉलरबोनच्या खाली मधले ऊतक तंतूंच्या सुमारे दुप्पट होते. मानेत चुकलेल्या सुईला माफी कमी, ती यामुळे.

इजा चार मार्गांनी होते. पहिला मार्ग सुईच्या टोकाने तंतू कापले जाण्याचा. सेलांडर यांच्याच १९७७ च्या सशांवरील प्रयोगांत लांब, तीक्ष्ण टोकाच्या सुईने जुड्या जास्त वेळा छेदल्या. आखूड टोकाच्या सुईपुढून नस बहुधा बाजूला सरकली. पुढच्या संशोधनाने त्याची दुसरी बाजूही दाखवली: आखूड टोक एकदा जुडीत घुसलेच, तर जखम जास्त मोठी होते. दुसरा मार्ग दाबाचा. जुडीचे वेष्टन ताणत नसल्याने आत सोडलेल्या औषधाचा दाब झपाट्याने चढतो आणि केशवाहिन्या मिटतात. २००४ मध्ये कुत्र्यांवर झालेल्या प्रयोगात जास्त दाबाने जुडीत औषध गेले तिथे नंतर स्नायूंची दुर्बलता आणि तंतूंची मोडतोड आढळली. तिसरा मार्ग औषधाच्या विषारीपणाचा. नसेबाहेर निरुपद्रवी असलेले औषध जुडीच्या आत जास्त संहत अवस्थेत बराच वेळ राहिले, तर तंतूंना घातक ठरते. चौथा मार्ग रक्तपुरवठा तुटण्याचा. रक्त साचून नस दाबली जाणे आणि भुलेच्या औषधात मिसळलेल्या ॲड्रेनॅलिनमुळे नसेच्या बारीक रक्तवाहिन्या आकसणे ही त्याची कारणे.

शेजारच्या नसा: जे दिसते ते सगळे इजा नसते

मानेतील ब्लॉकनंतर काही बदल इतक्या वेळा दिसतात की त्यांना गुंतागुंतीपेक्षा अपेक्षित परिणाम म्हणणे योग्य. श्वासपटलाला चालवणारी फ्रेनिक नस त्याच भागातून जाते. न्यूयॉर्कमधील विल्यम उर्मी आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवले की नेहमीच्या मात्रेच्या इंटरस्केलिन ब्लॉकनंतर त्या बाजूचे श्वासपटल प्रत्येक रुग्णात लुळे पडले होते. निरोगी माणसाला याची फारशी जाणीव होत नाही, कारण दुसरी बाजू काम सांभाळते. दमेकरी, जुना श्वसनविकार असलेला किंवा खूप लठ्ठ रुग्ण मात्र यामुळे संकटात येऊ शकतो. कॅनडातील २००८ च्या एका चाचणीत औषध २० मिलिलिटरऐवजी ५ मिलिलिटर दिल्यावर श्वासपटल लुळे पडण्याचे प्रमाण १०० टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर आले आणि वेदनाशमन जवळपास तेवढेच राहिले. श्वसनविकार असलेल्या रुग्णासाठी आता खांद्याच्या मागची सुप्रास्कॅप्युलर नस वेगळी बधिर करण्यासारखे पर्याय निवडले जातात.

त्याच बाजूची पापणी खाली येणे, बाहुली आकसणे आणि डोळा लालसर दिसणे याला हॉर्नर सिंड्रोम म्हणतात. घशाकडच्या नसेला औषध लागले की आवाज घोगरा होतो. नातेवाइकांना हा लकवा वाटतो आणि घबराट होते. औषधाचा अंमल उतरला की दोन्ही लक्षणे आपोआप जातात. ब्लॉकपूर्वी दोन वाक्यांत ही कल्पना दिली तर ही घबराट टळते.

याउलट काही इजा खऱ्या असूनही लवकर ओळखू येत नाहीत. मधल्या स्केलिन स्नायूतून लाँग थोरॅसिक आणि डॉर्सल स्कॅप्युलर या बारीक नसा जातात आणि अल्ट्रासाउंडच्या आडव्या वाटेने येणारी सुई त्याच स्नायूतून पुढे सरकते. लाँग थोरॅसिक नस दुखावली तर भिंतीवर हात टेकवताना पाठीच्या फऱ्याचे हाड पंखासारखे बाहेर येते. हाताला बधिरपणा नसल्याने ही तक्रार अनेकदा ‘खांदा अजून दुखतो’ एवढ्यावरच थांबते.

सर्वांत गंभीर धोका मज्जारज्जूचा आहे. अमेरिकेतील जोनाथन बेनुमॉफ यांनी २००० मध्ये चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. पूर्ण भूल दिलेल्या अवस्थेत इंटरस्केलिन ब्लॉक दिल्यावर या चौघांच्या मानेतील मज्जारज्जूचे काम कायमचे गेले होते. जागा रुग्ण सुई टोचताच ओरडतो. झोपलेला ओरडत नाही. त्यानंतर अमेरिकेतील प्रादेशिक भूलतज्ज्ञांच्या संघटनेने प्रौढांना पूर्ण भुलेत किंवा गाढ गुंगीत हा ब्लॉक नेहमीच्या रीतीने देऊ नये, अशी भूमिका घेतली. मुलांसाठी हा नियम उलटा लागतो. हात झटकणारे मूल स्वतःच मोठा धोका असते आणि अमेरिकेतील मुलांच्या मोठ्या नोंदसंग्रहात भुलेत दिलेल्या ब्लॉकने जोखीम वाढल्याचे दिसलेले नाही.

प्रमाण किती

कॅनडातील रिचर्ड ब्रुल आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या आढाव्यात इंटरस्केलिन ब्लॉकनंतर दर शंभरात २.८४ आणि काखेतील ब्लॉकनंतर दर शंभरात १.४८ रुग्णांना नसेची काही तक्रार झाल्याचे दिसते. मांडीतील फीमोरल नसेच्या ब्लॉकसाठी हाच आकडा ०.३४ आहे, म्हणजे वरच्या अंगात तक्रारींचे प्रमाण अधिक. मात्र यांतील जवळपास सगळ्या तक्रारी तात्पुरत्या होत्या आणि कायमची इजा अत्यंत विरळ. ऑस्ट्रेलियातील २००९ च्या पाहणीत ७,१५६ ब्लॉकपैकी ब्लॉकमुळे झालेल्या, टिकून राहिलेल्या इजेचे प्रमाण दर हजारात ०.४ निघाले.

दोन पाहण्यांतील ही तफावत विरोधाची नाही. दहाव्या दिवशी फोन करून ‘मुंग्या येतात का’ विचारले तर होकार बरेच मिळतात. सहा महिन्यांनी तपासले तर थोडे उरतात. आणि त्यांतून शस्त्रक्रियेची, प्लास्टरची व जुन्या आजाराची कारणे वगळली तर अगदी मोजके राहतात. अल्ट्रासाउंडमुळे ब्लॉक लवकर लागतो, औषध कमी लागते आणि औषध रक्तात जाऊन होणारी विषबाधा घटते, हे सिद्ध झाले आहे. कायमच्या नसइजेचे प्रमाण त्याने निश्चितपणे कमी झाले, असे अजून दाखवता आलेले नाही. घटना इतकी विरळ असेल तर दोन तंत्रांतील फरक दाखवायला प्रचंड संख्येने रुग्ण लागतात.

माळव्यातील रुग्ण आणि आधीच दुबळी नस

कोणत्या नसेला धोका जास्त, याचे सूत्र १९७३ मध्ये ॲड्रियन अप्टन आणि ॲलन मॅककोमस यांनी ‘द लॅन्सेट’मध्ये मांडले. एका ठिकाणी दबलेली किंवा आजारी असलेली नस दुसऱ्या ठिकाणचा किरकोळ आघातही सहन करू शकत नाही. दोन्ही आघात एकेकटे सोसण्याजोगे असतात. एकत्र आल्यावर लक्षणे उमटतात. मधुमेह, मूत्रपिंडविकार, मानेतील मणक्यांची झीज, मनगटातील कार्पल टनेल आणि काही कर्करोगविरोधी औषधे हा पहिला आघात आधीच करून ठेवतात.

मध्य प्रदेशातील उज्जैन आणि भोवतालच्या माळव्यात हे सूत्र रोजच्या कामात उतरते. डायलिसिससाठी हातात फिस्टुला बनवताना ब्लॉक ही सोयीची भूल आहे. पण त्या रुग्णाची नस मधुमेह आणि युरेमिया या दोहोंनी आधीच कमकुवत झालेली असते. सोयाबीन आणि गव्हाच्या हंगामात थ्रेशर व कुट्टी मशीनमध्ये हात सापडलेले शेतकरी येतात. मळणी यंत्रांच्या अपघातांमुळेच देशात १९८३ मध्ये घातक यंत्रांवर नियंत्रण ठेवणारा कायदा झाला. अशा हातात नसा अपघातानेच तुटलेल्या असू शकतात. दंडाचे हाड मधोमध मोडले असेल तर दर शंभरात सुमारे १२ रुग्णांत रेडियल नस हाड मोडतानाच दुखावलेली असते. ब्लॉकपूर्वी मनगट वर उचलता येते का, अंगठा आणि करंगळीची टोके एकमेकांना टेकतात का, बोटांना स्पर्श कळतो का, एवढे तपासून लिहून ठेवायला दोन मिनिटे लागतात. ते राहून गेले तर अपघाताची इजा आणि सुईची इजा नंतर वेगळी करता येत नाही.

यंत्राने चिरडलेल्या किंवा मोडलेल्या पुढच्या हातात आणखी एक धोका असतो. स्नायूंच्या कप्प्यांत सूज वाढून रक्तपुरवठा तुटू लागला की असह्य वेदना हीच पहिली हाक असते. दाट, लांबणारा ब्लॉक ती हाक दाबून टाकू शकतो. असा धोका वाटत असेल तर ब्लॉक टाळावा, किंवा कमी अंमलाचे औषध वापरून कप्प्यांवर सतत नजर ठेवावी. याबाबतचा निर्णय भूलतज्ज्ञ आणि अस्थितज्ज्ञ यांनी मिळून शस्त्रक्रियेपूर्वी घ्यायचा असतो.

उज्जैनमध्ये दर बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थात क्षिप्रेचे घाट प्रचंड गर्दीने भरतात. पुढचा सिंहस्थ २०२८ मध्ये आहे. ओल्या पायऱ्यांवर घसरून पडताना टेकवलेल्या हाताचे मनगट मोडणे ही अशा गर्दीतली नेहमीची दुखापत. परगावचा यात्रेकरू दुसऱ्या दिवशी गाव गाठतो, म्हणून त्याच्या हातात देण्याचे ब्लॉकनंतरचे सूचनापत्रक आणि संपर्काचा फोन हा उपचाराचाच भाग ठरतो.

दोष सुईचा की आणखी कोणाचा

ब्लॉकनंतर हात सुन्न राहिला की संशय प्रथम सुईवर जातो. पण शस्त्रक्रियेच्या दिवशी त्या नसेशी आणखी बरेच काही घडलेले असते. दंडाला बांधलेल्या टर्निकेटखाली नस थेट दाबली जाते आणि खालचा भाग रक्ताविना राहतो. म्हणून दाब गरजेपेक्षा जास्त न ठेवणे आणि दोन तासांची मर्यादा पाळणे हा सर्वमान्य संकेत आहे. खांद्याच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हात ताणून ठेवल्याने प्लेक्सस खेचला जातो. बधिर कोपर टेबलाच्या कडेवर टेकून राहिले तर अल्नार नस दबते, कारण रुग्णाला ते टोचणे कळत नाही. घट्ट प्लास्टरही तेच करते.

एक कारण या सगळ्यांपेक्षा निराळे आहे. शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांनी, कधी ज्या हाताला हातही लावलेला नाही त्या हातात, खांद्याला तीव्र वेदना सुरू होते आणि ती ओसरू लागली की स्नायू लुळे पडतात. मॉरिस पार्सोनेज आणि जॉन टर्नर यांनी १९४८ मध्ये वर्णन केलेला हा प्लेक्ससचा दाह आहे. शरीराच्या प्रतिकारशक्तीची प्रतिक्रिया त्याच्या मुळाशी असल्याचे मानले जाते. मधे गेलेले वेदनारहित दिवस आणि एका नसेच्या हद्दीत न बसणारी दुर्बलता यांवरून तो ओळखला जातो.

टाळण्याचे उपाय

एकही उपकरण एकट्याने पुरेसे नाही. नस उत्तेजक यंत्रावर ०.२ मिलिॲम्पिअरपेक्षा कमी विजेने स्नायू हलला तर सुई बहुधा नसेच्या आत आहे. पण जास्त विजेला हलला म्हणजे ती बाहेरच आहे, असे म्हणता येत नाही. अल्ट्रासाउंडवर सुईचे टोक दिसले तरच तो उपयोगी; सुईचा दांडा दिसणे म्हणजे टोक दिसणे नव्हे. औषध सोडताना लागणारा दाब १५ पीएसआयच्या वर गेला तर थांबावे, कारण टोक नसेला टेकलेले किंवा नसेत असू शकते. हाताच्या अंदाजाने हा दाब नेमका कळत नाही, म्हणून दाबमापक जोडतात. हे तिन्ही एकत्र वापरले की एकाची उणीव दुसरे भरून काढते.

त्याखेरीज रुग्णाचे बोलणे ही सर्वांत जुनी आणि अजूनही विश्वासार्ह खूण आहे. गुंगी हलकी ठेवावी. औषध सोडताना तीव्र कळ आली तर लगेच थांबून सुई मागे घ्यावी. औषधाची मात्रा आणि संहती गरजेपुरतीच असावी. आधीच दुबळ्या नसेजवळ ॲड्रेनॅलिन टाळावे. बधिर हात झोळीत नीट ठेवावा, कोपराखाली गादी असावी आणि गरम पेल्यापासून वा शेगडीपासून तो दूर राहील याची घरच्यांनी काळजी घ्यावी.

ब्लॉकनंतरचे वेळापत्रक

बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन यांचा अंमल १२ ते १८ तास टिकतो. सोबत डेक्सामेथासोन असेल तर त्याहूनही लांबतो. म्हणून पहिल्या दिवशीचा बधिरपणा चिंतेचा नसतो. ४८ तासांनंतरही जोर किंवा स्पर्श परतला नसेल तर तपासणी व्हायलाच हवी. परतलेला जोर पुन्हा जाणे, वेदना झपाट्याने वाढणे, बोटे थंड किंवा पांढरी पडणे, दोन्ही हात किंवा पाय दुर्बल होणे ही लक्षणे त्याच क्षणी रुग्णालयात येण्याची आहेत. रक्त साचून नस किंवा मज्जारज्जू दाबला गेला असेल तर तो मोकळा करण्यासाठी हाताशी काही तासच असतात.

उरलेल्या रुग्णांत इजेची प्रत काळच सांगतो. हर्बर्ट सेडन यांनी १९४३ मध्ये केलेली विभागणी आजही कामी येते. तंतूचे बाहेरचे आवरण तेवढे दुखावले असेल तर नस दिवसांत किंवा आठवड्यांत पूर्ण सुधारते. ब्लॉकनंतरच्या बहुतेक तक्रारी या गटातल्या. तंतू तुटला पण त्याची नळी शाबूत असेल तर तो रोज सुमारे एक मिलिमीटर वाढत परततो. मानेतून पंजापर्यंतचे अंतर सत्तर सेंटिमीटरच्या आसपास धरले तर ही वाट जवळजवळ दोन वर्षांची होते. पंजाचे स्नायू एवढा काळ थांबू शकत नाहीत. पूर्ण नसच तुटली असेल तर शस्त्रक्रियेशिवाय सुधारणा होत नाही. म्हणून तीन ते सहा महिन्यांत काहीच प्रगती दिसली नाही तर नसांच्या शल्यविशारदाकडे पाठवावे.

विद्युत तपासण्यांचा अर्थही काळाशी बांधलेला आहे. स्नायूचा नसेशी संबंध तुटल्याची ईएमजी या स्नायूंच्या विद्युत तपासणीतील खूण उमटायला दोन ते तीन आठवडे लागतात. ती खूण ब्लॉकनंतरच्या पहिल्या आठवड्यातच सापडली, तर इजा ब्लॉकच्या आधीची होती असा निष्कर्ष निघतो. त्यामुळे एक तपासणी लवकर आणि दुसरी तीन आठवड्यांनी करणे उपयोगी पडते. मधल्या काळात मनगट पडले असेल तर ते उचलून धरणारा कॉक-अप स्प्लिंट, सांधे आखडू नयेत म्हणून रोजचा व्यायाम आणि जळजळीच्या वेदनेसाठी प्रीगॅबालिन किंवा ॲमिट्रिप्टिलीनसारखी औषधे दिली जातात.

संमती आणि नोंद

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालाने मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आली आणि २००८ च्या समीरा कोहली खटल्यातील निकालाने संमती ही रुग्णाला पुरेशी माहिती देऊन घेतलेली हवी, हे स्पष्ट केले. ब्लॉकसाठी याचा अर्थ साधा आहे. छापील फॉर्मवर सही घेण्याआधी रुग्णाला त्याला समजणाऱ्या भाषेत, मग ती हिंदी असो, माळवी असो वा मराठी, तीन गोष्टी सांगायच्या: काही दिवस मुंग्या राहू शकतात, कायमची इजा फार विरळ पण शक्य आहे, आणि पूर्ण भुलेचा पर्याय उपलब्ध आहे.

नोंदीत ब्लॉकपूर्वीची नसांची तपासणी, आधीचे मधुमेहासारखे आजार, सुईचा प्रकार, औषध व मात्रा, वापरलेली उपकरणे, सुई टोचताना कळ आली होती की नाही, टर्निकेटचा दाब व वेळ आणि ब्लॉक उतरल्याची वेळ एवढे असावे. तक्रार आली तर हीच नोंद भूलतज्ज्ञ, शल्यविशारद आणि मज्जातंतुतज्ज्ञ एकत्र वाचतात आणि तिच्यावरूनच पुढील उपचार ठरतो.